मुलांचे भवितव्य आणि सोन्याचे नाणे

५ नोव्हेंबर २०१५ रोजी भारत सरकारने दिल्लीत समारंभपूर्वक सोन्याचे नाणे बाजारात आणले. एक पाच ग्रॅमचे, एक दहा ग्रॅमचे. एका बाजूस अशोकचक्र, दुसऱ्या बाजूस महात्मा गांधींची मुद्रा. ज्या माणसाने आयुष्यभर अपरिग्रहाचे व्रत सांगितले, त्याचा चेहरा चोवीस कॅरेट सोन्यावर उमटवून तो तिजोरीत कुलूपबंद करण्यासाठी विकावयाचा, हा विनोद म्हणून कोणी केला असता तर त्याला दाद दिली असती. परंतु तो विनोद नव्हता. ते शासनाचे धोरण होते.

सोन्याचे नाणे आता सणापुरते राहिलेले नाही. मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला एक ग्रॅमचे नाणे घ्या, अक्षय्य तृतीयेला आणि गुरुपुष्याला आणखी एकेक घ्या, अठराव्या वर्षी ती थैली त्याच्या हाती ठेवा, म्हणजे त्याच्या शिक्षणाची आणि मुलीच्या लग्नाची चिंता मिटली, असा उपदेश सराफ, बँका आणि गुंतवणुकीचे सल्लागार एकसुराने करीत आहेत. पगारदार माणसाला तो पटतो. आमचे म्हणणे असे आहे की हा उपदेश हिशेबाच्या दृष्टीने अर्धवट आहे आणि सामाजिक दृष्टीने घातक आहे. परंतु तो ऐकणाऱ्या आईबापांची टवाळी करून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांची भीती खोटी नाही. तिच्यावर सुचविलेला उपाय खोटा आहे.

प्रथम हिशेब पाहू. २००० साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव साडेचार हजार रुपयांच्या आतबाहेर होता. २०२५ साली त्याने एक लाखाची मर्यादा ओलांडली. हे आकडे खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र जाहिरातदार आरंभाचे आणि शेवटचे वर्ष आपल्या सोयीने निवडतो. १९९६ साली सोन्याचा भाव सुमारे पाच हजार होता आणि २००२ सालीही तो तेथेच घुटमळत होता. मधल्या सहा वर्षांत शाळेची फी, औषधे आणि घरभाडे मात्र थांबले नव्हते. २०१२ साली तो एकतीस हजारांच्या आसपास होता आणि २०१८ सालीही जवळजवळ तितकाच. जागतिक बाजारात तर जानेवारी १९८० मध्ये सोन्याने औंसाला ८५० डॉलरचे शिखर गाठले आणि ते शिखर पुन्हा दिसण्यास २००८ साल उजाडावे लागले. अठ्ठावीस वर्षे! त्या जानेवारीत आपल्या तान्ह्या मुलासाठी नाणे घेणाऱ्या परदेशी बापाचा मुलगा अठरा वर्षांचा झाला, शिकला, नोकरीला लागला, तरी नाण्याने बापाचे मुद्दलही परत केले नव्हते.

आपल्याकडे हा उतार तितका जाणवला नाही, त्याचे कारण सोन्याची थोरवी नव्हे. १९८० साली आठ रुपयांना मिळणारा डॉलर आज ऐंशीच्या पुढे गेला आहे. सोने चढले असे आपण म्हणतो, तेव्हा त्या चढाचा बराच भाग रुपया उतरल्याचा असतो. आणि रुपया उतरतो म्हणजे मजुरी उतरते, निवृत्तिवेतन उतरते, विधवेची ठेव उतरते. ज्याच्यापाशी सोने घेण्याइतकी शिल्लक आहे तो या उतरणीतून स्वतःला बाजूला काढतो. ज्याच्यापाशी ती नाही तो तिच्याखाली दबतो. सोन्याच्या चढत्या भावाचा आनंद साजरा करणे म्हणजे शेजाऱ्याच्या मजुरीच्या घसरणीचा आनंद साजरा करणे होय, ही गोष्ट वर्तमानपत्रांतील भावांच्या तक्त्यांत दिसत नाही.

नाण्याचा आणखी एक धर्म लक्षात ठेवावयास हवा. ते व्याज देत नाही. घेताना त्यावर तीन टक्के वस्तू व सेवा कर पडतो, घडणावळ आणि वेष्टनाचा खर्च पडतो. नाणे जितके लहान तितका हा भार ग्रॅममागे अधिक. म्हणजे एक ग्रॅमचे नाणे घेणाऱ्या गरिबाला तेच सोने पन्नास ग्रॅम घेणाऱ्या श्रीमंतापेक्षा महाग पडते. बँक नाणे विकते, परंतु परत विकत घेत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. मग अठरा वर्षांनी ते घेऊन सराफाच्या पेढीवर उभे राहावे लागते आणि तो घट म्हणून जे कापील ते मुकाट्याने मान्य करावे लागते. लॉकरचे भाडे वेगळेच.

आता शासनाचा हिशेब पाहू. नाण्याबरोबर त्याच दिवशी सरकारने सुवर्णरोखेही आणले. ग्रॅमला २,६८४ रुपये दराने विकलेला पहिला रोखा आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ६,१३२ रुपयांनी फेडण्यात आला. शिवाय दरसाल व्याज दिले ते निराळे. हा फरक कोठून आला? सरकारने कोणती खाण चालविली नव्हती की कोणता कारखाना उभारला नव्हता. तो सार्वजनिक तिजोरीतून आला. म्हणजे ज्या मजुराने आयुष्यात कधी सोन्याचा रोखा पाहिला नाही, पण तेल, साबण आणि चपलेवर कर भरला, त्याच्याही खिशातून आला. पुढे हा बोजा सरकारलाच पेलवेनासा झाला आणि फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे काढणे थांबले.

याच काळातील दुसरा आकडा याच्या शेजारी ठेवा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली कारखान्यात आणि गिरणीत हयात घालविलेल्या कामगारास मिळणारे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये ठरले. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी ते एक हजारच राहिले. सोने घेणाऱ्याच्या ग्रॅमची किंमत दुपटीहून अधिक करून देण्याची हमी शासन घेते आणि घाम गाळणाऱ्याच्या हजार रुपयांत भर घालावयाची वेळ आली की तिजोरीतील खडखडाट ऐकवते. अशा शासनाच्या राज्यात माणूस सोन्याकडे धावला तर दोष एकट्या त्याचा कसा म्हणावा?

म्हणूनच आम्ही म्हणतो की मुलासाठी घेतलेले प्रत्येक नाणे हा समाजावरील अविश्वासाचा ठराव आहे. शाळा चांगली राहील याचा भरवसा नाही, म्हणून नाणे. सरकारी दवाखान्यात औषध मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून नाणे. केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्राच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचे जुने निवृत्तिवेतन गेले, म्हणून नाणे. मार्च २०२३ मध्ये राज्यातील लाखो कर्मचारी त्यासाठी संपावर गेले, तेव्हा त्यांना आळशी आणि लोभी म्हणणारे अनेक सुशिक्षित त्याच महिन्यात गुढीपाडव्याला सराफाच्या दारात रांगेत उभे होते. स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद म्हणजे दूरदृष्टी आणि दुसऱ्याने ती हक्क म्हणून मागितली तर तो लोभ, हा न्याय कोठला?

अविश्वासाचा हा ठराव एकेका घरात मंजूर होतो आणि त्याचा परिणाम साऱ्या देशाला भोगावा लागतो. आपल्याकडे सोन्याचे उत्पादन नाममात्र आहे. जवळजवळ सारे सोने डॉलर मोजून आणावे लागते. २०१२-१३ साली परकीय व्यवहारातील तूट विक्रमी झाली, तिचे एक मोठे कारण सोन्याची आयात हे होते आणि पुढील वर्षी सरकारला आयातशुल्क दहा टक्क्यांवर न्यावे लागले. २०२४-२५ साली या आयातीचे बिल सुमारे ५८ अब्ज डॉलर होते. हा पैसा जमिनीतून निघून परत भिंतीतल्या कपाटात जाऊन बसतो. त्यातून विहीर खणली जात नाही, यंत्र फिरत नाही, एकाही मुलाला रोजगार मिळत नाही.

यावर हमखास उत्तर येते ते १९९१ सालचे. त्या वर्षी सोन्यानेच देश वाचविला नाही काय? वाचविला, पण कोणत्या सोन्याने? मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत वीस टन आणि जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी गेले. ते सार्वजनिक सोने होते. घराघरांतील तिजोऱ्यांत आणि देवस्थानांच्या कोठारांत हजारो टन पडून होते, त्यातली एक गुंजही हलली नाही. १९९१ चा धडा समाजाची सामाईक शिल्लक संकटात कामी येते हा आहे. खाजगी साठ्याच्या बाजूने तो कसा वळवावयाचा?

मुलांच्या भवितव्याची गोष्ट निघाली आहे, तर ज्यांनी सोने खणले त्यांच्या मुलांचे काय झाले हेही विचारले पाहिजे. कोलारच्या खाणी तीन किलोमीटर खोल गेल्या होत्या. शिवनसमुद्राच्या धबधब्यावर वीज निर्माण करून १९०२ साली ती कोलारला नेली, ती ब्रिटिश कंपनीच्या यंत्रांसाठी. आसपासच्या खेड्यांत तेव्हा रॉकेलचा दिवाही दुर्मीळ होता. खाली उतरणारे मजूर बहुसंख्येने तमिळ प्रदेशातून आणलेले दलित होते. दगडाच्या धुळीने त्यांची फुप्फुसे निकामी झाली. स्वातंत्र्यानंतर खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. मागे उरले सायनाइडच्या गाळाचे डोंगर. त्या मजुरांची मुले आज भल्या पहाटे आगगाडीने बंगळूर गाठतात आणि रात्री परततात. शतकभर सोने उपसणाऱ्या गावाने आपल्या मुलांसाठी सोने राखले नाही, कारण ते त्याचे कधी नव्हतेच.

गुंतवणुकीचे म्हणून जगभर प्रसिद्ध झालेले नाणे दक्षिण आफ्रिकेचे क्रूगररँड. वर्णद्वेषी राजवटीने १९६७ साली ते पाडले, आपल्या खाणींतील सोने पाश्चात्य देशांतील लहान लहान बचतदारांना विकण्यासाठी. खाणीतील आफ्रिकी मजुरास बायकामुलांना बरोबर आणण्याची मुभा नव्हती. कोंडवाड्यासारख्या बराकींत राहून तो जे सोने काढी, ते युरोप-अमेरिकेतील बाप आपल्या मुलांच्या नावे ठेवीत. १९८५ साली लोकमताच्या दडपणाने अमेरिकेला या नाण्याच्या आयातीवर बंदी घालावी लागली. फुप्फुसे गमावलेल्या खाणकामगारांच्या भरपाईच्या समझोत्याला मात्र जोहान्सबर्गच्या न्यायालयाची मान्यता मिळण्यास २०१९ साल यावे लागले. एका बापाने आपल्या मुलासाठी घेतलेल्या नाण्याची किंमत दुसऱ्या बापाचे मूल चुकवीत असते.

मग समाजवाद्यांना सोन्यावर बंदी हवी आहे काय? नाही. त्या मार्गाचा अनुभव या देशाने घेतला आहे. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणले आणि चौदा कॅरेटहून शुद्ध दागिने घडविण्यास मनाई केली. श्रीमंतांचे सोने जागचे हलले नाही. भट्टी विझली ती गल्लीतल्या कारागीर सोनाराची. हजारो घरांत चूल पेटेना, कित्येकांनी जीव दिला. किनाऱ्यावरची चोरटी आयात मात्र फोफावली. १९६८ च्या कायद्याने हेच नियंत्रण चालू ठेवले आणि १९९० साली तो कायदा रद्द झाला. माणसाच्या भीतीवर उपाय न करता भीतीच्या साधनावर बंदी घातली की ती बंदी दुबळ्याच्या डोक्यावर पडते, हे आम्ही विसरलेलो नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप स्त्रियांचा आहे. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, बँकेचे पुस्तक मुलाच्या हाती; बाईचे म्हणून जे काही आहे ते अंगावरचे सोने. तेही आता समाजवादाच्या नावाने सोडावयास सांगता काय, असे एखादी बहीण विचारील तर तिच्यापुढे मान खाली घालावी लागेल. हा प्रश्न जुना आहे. १९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परत यावयास निघाले, तेव्हा नाताळच्या हिंदी लोकांनी त्यांना सोन्याचांदीच्या भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यांनी सारे काही लोकसेवेसाठी विश्वस्तांकडे सोपविण्याचे ठरविले आणि मुलांना आधी वळवून घेतले. कस्तुरबा वळल्या नाहीत. येणाऱ्या सुनांना काय घालावयाचे आणि उद्याचे कोणी पाहिले आहे, हा त्यांचा सवाल होता. गांधीजींनी अखेर त्यांची संमती कशीबशी मिळविली आणि त्या भेटींचा सार्वजनिक विश्वस्तनिधी झाला.

या प्रसंगात गांधीजींचा निर्णय आम्हांला योग्य वाटतो आणि त्यांची पद्धत अयोग्य वाटते. कस्तुरबांचा सवाल लोभाचा नव्हता. ज्या स्त्रीला दुसरी कोणतीच मालमत्ता नाही, तिने उद्याची काळजी सोन्यातच पाहावी हे स्वाभाविक होते. परंतु त्या सवालाचे खरे उत्तर आणखी एक हार हे नव्हे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला, देशाने २००५ साली दिला. आमचे ज्यांच्याशी तीव्र मतभेद होते त्या शरद जोशींनीही १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करावयास लावली. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. आणि आज काय चालले आहे? लग्नात मुलीच्या अंगावर चार तोळे घालावयाचे आणि पुढे तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची. भावाला शेत, बहिणीला नाणे. तिने सही नाकारली तर माहेर तुटते. मुलीच्या नावाने नाणी साठविणाऱ्या प्रत्येक बापाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: सातबाऱ्यावर तिचे नाव लावणार आहात काय? उत्तर नकारार्थी असेल तर ती नाणी प्रेमाची नव्हेत. तिच्या हक्काची ती स्वस्तातली भरपाई आहे.

सोन्याचा कस संकटात लागतो असे म्हणतात. तो १९७२ साली महाराष्ट्रात लागला. एका घरावर आजारपण आले तर मंगळसूत्र गहाण टाकून निभावते. पण पाऊस साऱ्या तालुक्यावरच रुसतो, तेव्हा साऱ्या घरांना एकाच वेळी पैसा हवा असतो. घेणारा सावकार एकटा असतो आणि भाव तोच ठरवितो. एकट्याच्या संकटात सोने आधार देते, सर्वांच्या संकटात ते मातीमोल होते. त्या दुष्काळात माणसे जगली ती दागिन्यांवर नव्हे. ती जगली सार्वजनिक कामांवर. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर उभी राहिली आणि मागेल त्याला काम हा १९७७ साली कायद्याने हक्क झाला. त्याचा खर्च कोणी उचलला? १९७५ साली शहरातील पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला आणि त्यात शासनाने तितकीच भर घालावयाची असे ठरले. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून चार रुपये कापले गेले आणि मराठवाड्यातील मजूर बाईच्या घरी भाकरी शिजली. २००५ साली साऱ्या देशाने त्याच कल्पनेवर कायदा केला.

हा व्यवसाय कर आजही पगारातून कापला जातो. घटनेने घातलेली त्याची कमाल मर्यादा वर्षाला अडीच हजार रुपये आहे. लाखाच्या भावाने तेवढ्यात पाव ग्रॅम सोने येते. पाव ग्रॅमच्या किमतीत एका राज्याने आपल्या भुकेल्या माणसांना हक्काचे काम दिले होते! पाव ग्रॅमच्या नाण्याने कोणत्या मुलाचे भवितव्य सुरक्षित होणार आहे?

शिक्षणाचेही तेच. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च करावा आणि साहेबाचे व शिपायाचे मूल एकाच बाकावर बसेल अशी समान शाळा असावी, असे सांगितले. सहा टक्क्यांचा उच्चार २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही केला; ते आजवर गाठले गेले नाहीत. नाण्यांची थैली घेऊन खाजगी महाविद्यालयाच्या दारात उभ्या राहणाऱ्या बापास हे कळत नाही की ती थैली शेवटी शिक्षणसम्राटाच्याच तिजोरीत रिती होणार आहे. भाव सोन्याचे चढतात, तसे देणग्यांचेही चढतात.

तेव्हा वाचकांपुढे आम्ही काय ठेवतो? ज्या माउलीपाशी अडीअडचणीसाठी दोन मणी आहेत, तिला आमचे काहीही सांगणे नाही. परंतु ज्यांच्यापाशी दरवर्षी नाणे घेण्याइतकी शिल्लक उरते, त्यांना सांगणे आहे. मुलाच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसण्याचा अधिकार शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे. तेथे जाऊन बसा आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा जाब विचारा. कमी पटाची म्हणून वाडीवरची शाळा बंद होत असेल तर तिच्या दारात उभे राहा. निवृत्तिवेतनासाठी मोर्चा निघेल तेव्हा गॅलरीतून पाहू नका. संपत्तीवर आणि वारशावर कर बसविण्याची मागणी झाली तर सर्वांआधी तुम्हीच घाबरू नका. तो कर तुमच्या दहा ग्रॅमवर नसून ज्यांचे सोने मणांत मोजले जाते त्यांच्यावर असेल. आणि मुलीचे नाव सातबाऱ्यावर लावा.

उद्याचे कोणी पाहिले आहे, हा कस्तुरबांचा सवाल आजही प्रत्येक घरात विचारला जातो. सरकारने त्याला नाण्यावर गांधी छापून उत्तर दिले. गांधींनी स्वतः त्या सवालाला सार्वजनिक निधीने उत्तर दिले होते, आणि बायकोची संमती मिळविताना ते चुकले होते. आपल्याला ती चूक टाळून तेच उत्तर द्यावयाचे आहे: संमतीने, मतदानाने, कायद्याने. ज्या समाजात शाळा, दवाखाना, काम आणि म्हातारपणीची भाकरी हक्काची आहे, तेथे बाप आपल्या मुलासाठी सोने ठेवो की न ठेवो, मुलाचे काही अडत नाही. आणि जेथे हे काहीच हक्काचे नाही, तेथे कितीही नाणी ठेवली तरी ती पुरत नाहीत.